पस्तीस वर्षं एकच प्रश्न? डोरोथी हॉजकिन आणि पीएचडीचा विषय

पीएचडीसाठी विषय शोधायला लागलात की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "असा विषय घे जो तीन-चार वर्षांत हातावेगळा होईल." दुसरा, "करायचंच तर काहीतरी मोठं कर. चिकाटी ठेव, यश मिळतंच." दोन्ही सल्ले देणारे आपल्या भल्याचंच बोलत असतात. पण दोन्ही एकदम पाळायचे कसे, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या सल्ल्याबरोबर विज्ञानाच्या इतिहासातली एखादी गोष्टही येते. रसायनशास्त्रात ती बरेचदा डोरोथी हॉजकिन यांची असते. 1934 मध्ये त्यांच्या हाती इन्सुलिनचा नमुना आला आणि 1969 मध्ये त्यांनी इन्सुलिनच्या रेणूची रचना शोधून काढली. मध्ये पस्तीस वर्षं! बघा, याला म्हणतात चिकाटी.

गोष्ट खरी आहे, तारखाही बरोबर आहेत. पण अशा रीतीने सांगितली की तिच्यातून चुकीचा धडा मिळतो. हॉजकिनबाई पस्तीस वर्षं इन्सुलिनसमोर बसून राहिल्या नव्हत्या. मधली कित्येक वर्षं त्यांचं मुख्य काम दुसरंच होतं, आणि त्या दुसऱ्या कामासाठी त्यांना 1964 मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे इन्सुलिन सुटण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा या पस्तीस वर्षांत नेमकं काय चाललं होतं ते आपण जरा सावकाश पाहू. विषय निवडताना त्याचा उपयोग होईल.

1934: एक फोटो आणि एक नमुना

डोरोथी क्रोफूट (हॉजकिन हे लग्नानंतरचं आडनाव) यांचा जन्म 1910 चा, कैरोमधला. ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात रसायनशास्त्र शिकून 1932 मध्ये त्या केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे संशोधनाला गेल्या. विषय होता स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातले पदार्थ. त्यांचे स्फटिक घ्यायचे, त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि फिल्मवर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार ताडायचा, असं काम. पुढे पीएचडी झाली ती याच स्टेरॉलवर. पहिली गोष्ट इथेच लक्षात ठेवा: त्यांचा प्रबंध इन्सुलिनवर नव्हता.

1934 मध्ये बर्नाल यांच्या हाती पेप्सिन या प्रथिनाचे स्फटिक आले. तोवर प्रथिनांचे स्फटिक बाहेर काढून, वाळवून फोटो घेतले जात, आणि त्यांत कामाचं काही दिसत नसे. बर्नाल यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्याच द्रवात, ओला ठेवून फोटो घेतला आणि स्वच्छ ठिपके मिळाले. प्रथिनाच्या रेणूला ठरावीक रचना असते, नुसता चिकट गोळा नसतो, हे त्या एका फोटोने दाखवलं. बर्नाल आणि क्रोफूट यांच्या नावाने ते 'नेचर'मध्ये आलं.

त्याच वर्षी त्या ऑक्सफर्डला परतल्या. तिथे रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्सुलिनचा छोटासा नमुना दिला. फक्त 10 मिलिग्रॅम. मधुमेहावर इन्सुलिन वापरायला लागून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. त्यांनी त्यातून मोठे स्फटिक वाढवले, फोटो घेतला आणि 1935 मध्ये एकटीच्या नावाने शोधनिबंध छापला. फोटो धुतला त्या रात्री आनंदाच्या भरात त्या ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून भटकत राहिल्या. सकाळी मात्र जाग आली ती शंकेने: हे स्फटिक इन्सुलिनचेच ना, की कुठल्या तरी साध्या क्षाराचे? नाश्त्याआधी प्रयोगशाळा गाठून त्यांनी रंगाची साधी चाचणी केली. प्रथिनच होतं.

त्या शोधनिबंधात दावा काय होता? स्फटिकातल्या सर्वांत लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाचं माप, त्याची सममिती आणि त्यावरून निघणारं वजन. बस. अणू कुठे आहेत याबद्दल काही नाही, कारण ते कळायला तेव्हा मार्गच नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. क्ष-किरण स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनवर आदळून वेगवेगळ्या दिशांना विखुरतात. फिल्मवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक लहर. ठिपका किती गडद आहे यावरून ती लहर किती जोरकस ते कळतं. पण लहर नेमकी कुठून सुरू झाली, म्हणजे तिची फेज काय, हे फिल्मवर उमटतच नाही. रेणूचं चित्र उभं करायला मात्र जोर आणि फेज दोन्ही लागतात.

भजनाचं उदाहरण घ्या. टाळ किती जोरात वाजले, पखवाज किती, पेटी किती, हे कोणी तुम्हाला लिहून दिलं. पण कोणाची थाप केव्हा पडली हे लिहिलंच नाही. त्यावरून अभंग पुन्हा वाजवून दाखवाल का? याला 'फेजचा प्रश्न' म्हणतात.

1934 मध्येच आर्थर पॅटर्सन यांनी यातून एक पळवाट काढली. फेज नसतानाही एक नकाशा काढता येतो, पण त्यात अणूंच्या जागा नसतात, तर प्रत्येक दोन अणूंमधलं अंतर आणि दिशा असते. म्हणजे गावातल्या प्रत्येक घरापासून दुसरं प्रत्येक घर किती लांब आणि कुठल्या बाजूला, याची यादी. घरं दहा असतील तर डोकं लढवून गावाचा नकाशा काढाल. यादीत 10 गुणिले 9, म्हणजे 90 नोंदी असतील. इन्सुलिनच्या एका रेणूत हायड्रोजन सोडून सुमारे 400 अणू आहेत. यादी जाते दीड लाखाच्या वर, आणि त्या नोंदी एकमेकींवर चढलेल्या. शिवाय मोजमाप हाताने, बेरजा कागदाच्या पट्ट्यांवर.

थोडक्यात, 1935 मध्ये प्रश्न होता, सामग्री होती, फोटोही होता. पण उत्तर काढायची पद्धत जगात कुणाकडेच नव्हती. अशा वेळी कितीही चिकाटी असली तरी तिचा काय उपयोग?

उत्तर देऊन टाकायचा मोह

अशा कोंडीत एक मोह होतो: उत्तर आवडेल असं आहे, आकडे त्याच्या विरोधात जात नाहीत, मग जाहीर करून टाकावं. इन्सुलिनच्या बाबतीत हे खरंच घडलं.

गणितज्ञ डोरोथी रिंच यांनी 1930 च्या दशकात प्रथिनांच्या रचनेचा एक सुंदर सिद्धांत मांडला. त्याला सायक्लॉल सिद्धांत म्हणतात. हॉजकिन यांनी 1938 मध्ये इन्सुलिनचा पॅटर्सन नकाशा प्रसिद्ध केल्यावर रिंच यांनी नोबेलविजेते अर्व्हिंग लँगम्यूर यांच्यासोबत असं म्हटलं की या नकाशातून सायक्लॉल सिद्ध होतो. 1939 मध्ये बर्नाल, ब्रॅग वगैरे मंडळींनी दाखवून दिलं की हा नकाशा इतकं सांगूच शकत नाही. पुढे सायक्लॉल सिद्धांत चुकीचा ठरला.

रिंचबाईंना हसण्याचं कारण नाही. प्रथिनांकडे गणिताने बघायचं धाडस त्यांनी केलं आणि त्या वादामुळे बऱ्याच जणांना आपली गृहीतकं तपासावी लागली. पण फरक पाहा. नकाशा हॉजकिन यांचा होता. सर्वांत आधी उत्तर जाहीर करायची संधीही त्यांचीच होती. त्यांनी माप दिलं, नकाशा दिला आणि तिथेच थांबल्या. आपल्या आकड्यांतून किती निघतं आणि कुठे थांबायचं, हे कळणं म्हणजे संशोधनातलं अर्धं शहाणपण.

मधली वर्षं: 28, 23, 93

आता मुख्य भाग. इन्सुलिन बाजूला ठेवून त्यांनी काय केलं? तीन रेणू सोडवले. मी इथे प्रत्येक रेणूपुढे हायड्रोजन सोडून अणूंची संख्या देतो, म्हणजे चढण लक्षात येईल.

पहिला, कोलेस्टेरिल आयोडाइड: 28 अणू. हॅरी कार्लाइल या विद्यार्थ्याबरोबरचं काम, 1945 मध्ये प्रसिद्ध झालं. युक्ती अशी की यातला आयोडीनचा अणू बाकीच्यांच्या मानाने फारच जड. गावात घरं शंभर असली तरी देवळाचा कळस लांबून दिसतो ना, तसं. आधी कळस शोधायचा आणि त्याच्या आधाराने बाकीच्यांच्या फेजचा अंदाज बांधायचा. याला जड अणूची पद्धत म्हणतात.

दुसरा, पेनिसिलिन: 23 अणू, शिवाय क्षारातला धातू. वरवर पाहता आधीपेक्षा लहान रेणू. पण स्टेरॉलचा सांगाडा रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता, पेनिसिलिनचा नव्हता. महायुद्ध चालू होतं, औषध सैनिकांना हवं होतं आणि त्याच्या सूत्रावरून दोन तट पडले होते. एका बाजूला रॉबर्ट रॉबिन्सन, इन्सुलिनचा नमुना देणारे तेच. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की यात चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं आहे. इतकं ताणलेलं कडं अनेकांना पटत नव्हतं.

हॉजकिन आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनी पोटॅशियम आणि रुबिडियमचे क्षार घेतले. हे दोन्ही स्फटिक रचनेने सारखे, फक्त धातूचा अणू वेगळा. सोडियमच्या क्षारावर चार्ल्स बन यांचा गट आयसीआय कंपनीत काम करत होता. बेरजांसाठी पंच कार्डांची यंत्रं वापरली गेली. दोन्ही गटांचे नकाशे ताडून 1945 मध्ये उत्तर मिळालं: कडं चार अणूंचंच. हा निकाल आधी ठाऊक असलेल्या सूत्रावर बेतलेला नव्हता. स्फटिकाने रसायनशास्त्रातला वाद मिटवला होता.

तिसरा, जीवनसत्त्व बी-12: 93 अणू. ग्लॅक्सो कंपनीच्या लेस्टर स्मिथ यांच्याकडून 1948 मध्ये लाल स्फटिक मिळाले. यात निसर्गानेच कोबाल्टचा एक अणू ठेवलेला, पण 93 जणांच्या गर्दीत तो कळस तसा बुटकाच. म्हणून अंदाज बांधायचा, नकाशा काढायचा, त्यात जे खात्रीचं दिसेल तेवढंच ठेवायचं, पुन्हा नकाशा काढायचा, असं फेरीमागून फेरी करावं लागलं. हे हाताने होणारं नव्हतं. लॉस एंजेलिसचे केनेथ ट्रुब्लड यांनी तिथल्या स्वॅक नावाच्या संगणकावर आकडेमोड करून दिली, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी पत्रं नि तारा जात-येत राहिल्या. 1950 च्या दशकाच्या मध्याला रचना पूर्ण झाली आणि कोबाल्टभोवती तोवर कोणी न पाहिलेलं एक कडं दिसलं. पुढे त्याला कॉरिन हे नाव मिळालं.

आता हे तीन रेणू एका रांगेत ठेवा. पहिल्यातून जड अणूची युक्ती हाती बसली. दुसऱ्यातून सारख्या स्फटिकांची तुलना आणि यंत्राने बेरजा. तिसऱ्यातून संगणक, आणि अर्धवट चित्रातून पूर्ण चित्राकडे जायची शिस्त. प्रत्येक रेणू स्वतःच्या जागी महत्त्वाचा होता, त्या त्या वेळी सुटण्याच्या टप्प्यात होता, आणि तो सुटल्यावर हाती नवं हत्यार उरत होतं.

हे सगळं इन्सुलिनसाठी आखलं होतं, असं मी म्हणणार नाही. पेनिसिलिन युद्धामुळे आलं, बी-12 एका कंपनीच्या शोधामुळे. पण कुठलं काम स्वीकारायचं हे ठरवताना मनात एक मोठा प्रश्न जागा असला, की येणाऱ्या कामांतून बरोबर तीच कामं उचलली जातात.

पुन्हा इन्सुलिन

दरम्यान बाकीचं जग थांबलं नव्हतं. मॅक्स पेरुट्झ यांनी 1950 च्या दशकात हिमोग्लोबिनवर दाखवून दिलं की प्रथिनाच्या स्फटिकात रचना न बिघडवता जड अणू घुसवता येतात आणि त्यांतून फेज मिळतात. फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत इन्सुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा क्रम पूर्ण लावला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या दोन गोष्टींची उणीव होती, त्या दुसऱ्यांनी पुरवल्या.

तरीही इन्सुलिन लगेच वठणीवर आलं नाही. त्यात जड अणू नीट बसेनात. आधीचं झिंक काढून त्या जागी दुसरे धातू घालून पाहणं, स्फटिक बिघडणं, पुन्हा नवे वाढवणं, यात वर्षं गेली. शेवटी 1969 मध्ये रचना दिसली: झिंकच्या दोन अणूंभोवती इन्सुलिनचे सहा रेणू. त्या शोधनिबंधावर दहा जणांची नावं आहेत. गाय डॉडसन, एलिनॉर डॉडसन, टॉम ब्लंडेल यांच्यासोबत एक नाव भारतीय आहे: एम. विजयन. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पीएचडी करून ते ऑक्सफर्डला गेले होते. परत येऊन त्यांनी त्याच संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली. आज भारतात या विषयात काम करणाऱ्या अनेकांची गुरुपरंपरा त्यांच्यापर्यंत पोहोचते.

सहा रेणू एकत्र राहतात हे कळल्याचा उपयोग पुढे झाला. टोचलेलं इन्सुलिन रक्तात जायला वेळ लागतो, कारण आधी हे षट्कूट सुटावं लागतं. रेणूत थोडा बदल करून ते लवकर सुटेल अशी जलद इन्सुलिनं 1990 च्या दशकापासून बाजारात आली. घरात कुणी जेवायच्या अगदी आधी इन्सुलिन घेत असेल तर ते यातलंच असण्याची शक्यता बरीच आहे.

मग तुमच्या विषयाचं काय?

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हॉजकिन यांना पस्तीस वर्षं मिळाली, कारण त्यांची नोकरी इन्सुलिनवर अवलंबून नव्हती. समरव्हिल कॉलेजात शिकवण्याचं पद होतं, त्यातून घर चालत होतं. तुमची परिस्थिती तशी नाही. जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षं, आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीची सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षं. "हॉजकिनबाईंनी केलं, तू पण कर" असं म्हणणारा हा हिशोब विसरतो.

त्या स्वतः हा हिशोब विसरत नसत. 1946-47 मध्ये त्यांच्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाला मार्गारेट रॉबर्ट्स नावाची विद्यार्थिनी होती. पुढे ती मार्गारेट थॅचर म्हणून ब्रिटनची पंतप्रधान झाली. तिला काम दिलं होतं ग्रॅमिसिडिन एस या प्रतिजैविकावर. त्याची रचना तेव्हा सुटली नाही, पण पदवी वेळेवर झाली. स्फटिक मिळवणं, मोजणं आणि त्यातून किती निघतं ते नेमकं मांडणं, एवढं काम एका वर्षात बसत होतं.

म्हणून सुरुवातीच्या दोन सल्ल्यांत भांडण लावायची गरज नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांबद्दल आहेत. एक तुमचा मोठा प्रश्न, दुसरा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न. गाईडकडे जाण्याआधी कागदावर या चार ओळी लिहून काढा:

1. माझा मोठा प्रश्न काय? तो माझ्या हयातीत सुटला नाही तरी चालेल.
2. आज हातात असलेल्या पद्धतींनी त्यातलं नेमकं काय ठरवता येईल? "काहीच नाही" असं उत्तर आलं तर तो प्रश्न जपून ठेवा, पण त्यावर सिनॉप्सिस लिहू नका.
3. प्रबंधाचं काम फसलं, म्हणजे अपेक्षित उत्तर आलंच नाही, तरी मांडण्यासारखं काय उरेल? इन्सुलिनच्या 1935 च्या शोधनिबंधात माप आणि सममिती उरली होती, आणि तेवढंही पुरेसं होतं.
4. हे काम संपल्यावर माझ्या हाती कुठलं नवं हत्यार येईल, जे आज माझ्याकडे नाही?

चौथ्या ओळीला सर्वांत जास्त वेळ द्या. दोन विषयांत निवड होत नसेल तर हत्यार देणारा विषय घ्या. पहिली ओळ मात्र खोडू नका. वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा आणि दर वर्षी एकदा उघडून बघा, की ज्याची उणीव होती ते दरम्यान कुणी दुसऱ्याने तर पुरवलं नाही ना.